राज्यसभेचे आसन : सभापतिपदाची वाटचाल

सकाळी अकराच्या ठोक्याला राज्यसभेत पहिला आवाज उठतो तो मार्शलचा. ‘माननीय सदस्यगण, माननीय सभापतीजी’ असा पुकारा होतो, दोन्ही बाकांवरचे सदस्य उभे राहतात, सभापती आत येतात, उजवीकडे आणि डावीकडे नमस्कार करतात आणि उंच आसनावर बसतात. मग सदस्य बसतात आणि कामकाज सुरू होते. वर्षानुवर्षे चालत आलेला हा काही सेकंदांचा विधी आहे. त्यात एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. या सभागृहात कोणी बोलायचे, किती वेळ बोलायचे, कोणता शब्द नोंदीतून काढायचा हे जो ठरवतो, तो स्वतः या सभागृहाचा सदस्य नसतो.

राज्यघटनेच्या ६४व्या अनुच्छेदाप्रमाणे भारताचे उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती. त्यांना निवडून देतात दोन्ही सभागृहांचे सदस्य मिळून, गुप्त मतदानाने. त्यामुळे एका अर्थी लोकसभाही राज्यसभेचा सभापती निवडत असते. त्यांना मतदारसंघ नसतो, चर्चेत उतरून भाषण करता येत नाही, आणि मत द्यायचे ते फक्त दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तर. त्यांचे वेतनही त्यांना उपराष्ट्रपती म्हणून मिळत नाही. घटनेने ते राज्यसभेचे सभापती म्हणून ठरवून दिले आहे. राष्ट्रपतिपद रिकामे होऊन उपराष्ट्रपती ती धुरा घेतात, तेव्हा सभापतिपदाचे काम आणि वेतन दोन्ही थांबते. म्हणजे देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदाला रोजचे काम आणि रोजची भाकरी दोन्ही याच आसनाने दिली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक चटकन कळेल. आपल्या विधान परिषदेचे सभापती परिषदेतूनच निवडले जातात. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे त्या आसनावर होते, आणि त्याच काळात रोजगार हमी योजनेचा विचारही त्यांनीच पुढे नेला. ते घरातले कर्ते होते. राज्यसभेच्या सभापतीला असे घरातले असण्याची सोय नाही. बाहेरून येऊन घर सांभाळायचे, घरातल्या कुणाची बाजू घ्यायची नाही आणि तरी घर आपले मानायचे, अशी ही जबाबदारी आहे. मला या पदाचा सगळा इतिहास या एका अवघड जागेभोवती फिरताना दिसतो.

या आसनाला स्वातंत्र्यापूर्वीचा एक पूर्वज आहे. १९१९च्या कायद्याने केंद्रात दोन सभागृहे आली आणि १९२१मध्ये ‘कौन्सिल ऑफ स्टेट’चे काम सुरू झाले. सदस्य साठ, मतदानाचा हक्क मोठे जमीनदार, मोठे करदाते आणि मानमरातब असलेले लोक यांच्यापुरता. आपल्याकडून अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तिथे गेले होते. या सभागृहाचा अध्यक्ष गव्हर्नर-जनरल नेमत असे. पहिले अध्यक्ष सर अलेक्झांडर मडिमन, पुढे माँटेग्यू बटलर आणि हेन्री माँक्रिफ स्मिथ, सगळे इंग्रज सनदी अधिकारी. त्यांच्यानंतर या आसनावर पहिला भारतीय बसला तो नागपूरचा: सर माणेकजी दादाभाई. मुंबईत जन्मलेले हे पारशी वकील नागपुरात स्थिरावले, तिथल्या गिरण्या-कारखान्यांत आणि नगरपालिकेत त्यांनी आयुष्य घालवले आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९४६पर्यंत त्यांनी केंद्राचे वरिष्ठ सभागृह चालवले. त्यांचे नाव आज नागपुरातही फारसे कुणाला आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

पण ते नेमलेले अध्यक्ष होते, आणि तेव्हाच्या कनिष्ठ सभागृहाने नेमणुकीची ही चाल त्याआधीच मोडली होती. ऑगस्ट १९२५मध्ये मध्यवर्ती विधानसभेने मुंबईच्या विठ्ठलभाई पटेलांना अवघ्या दोन मतांच्या फरकाने, ५८ विरुद्ध ५६, आपला अध्यक्ष निवडले. आसनावर बसल्यावर आपण कोणत्याही पक्षाचे नाही, हा दंडक त्यांनी घालून दिला. निवडून येऊन पक्षापासून दूर होण्याची ती परंपरा लोकसभेकडे गेली. वरिष्ठ सभागृहाला मात्र आपली वाट नव्याने शोधावी लागली.

घटना समितीने ती अमेरिकेकडे पाहून शोधली. तिथे उपराष्ट्राध्यक्ष हाच सिनेटचा अध्यक्ष असतो. पण साम्य तेवढ्यावरच संपते. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष रोज सिनेटमध्ये जाऊन बसत नाहीत. एरवी आसनावर ज्येष्ठ सिनेटर असतात आणि त्यांच्या वतीने बहुधा नवखे सदस्य. उपराष्ट्राध्यक्षांची आठवण येते ती मते समसमान पडली की. कमला हॅरिस यांनी चार वर्षांत तेहतीस वेळा निर्णायक मत दिले आणि तो विक्रम ठरला. शिवाय अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष हा अध्यक्षाच्याच पक्षाचा, त्याच्याच जोडीने निवडून आलेला माणूस असतो. तिथे त्याचे मत सरकारचे मत समजले जाते. आपल्या घटनाकारांनी सांगाडा तिथून घेतला आणि त्यात वेगळा जीव घातला. सभापतीने रोज यावे, सभागृह चालवावे आणि सरकारचा माणूस म्हणून ओळखले जाऊ नये. २८ जुलै १९४७ रोजी गोपालस्वामी अय्यंगारांनी घटना समितीत दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडली ती याच अपेक्षेने: महत्त्वाच्या प्रश्नांवर भारदस्त चर्चा व्हावी आणि क्षणिक आवेगातून कायदे होऊ लागले तर थोडी उसंत मिळावी. अशा सभागृहाला सांभाळणारा माणूसही तसाच हवा होता.

तो मिळाला, आणि पहिल्याच खेपेला मिळाला हे आपले भाग्य. ३ एप्रिल १९५२ रोजी सभागृह गठित झाले, १३ मे रोजी पहिली बैठक भरली, आणि आसनावर बसले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन. निवडणूक लढवून आलेले राजकारणी ते नव्हते, प्राध्यापक आणि तत्त्वज्ञ होते. सदस्यांनी अभिनंदनाची भाषणे केली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की मी कोणत्याच पक्षाचा नाही, म्हणजेच या सभागृहातल्या प्रत्येक पक्षाचा आहे. पुढे जे जे या आसनावर आले त्यांना याच वाक्याने मोजले गेले. पांढरा फेटा, लांब कोट आणि आवाज न चढवता केलेली चिमटीतली टीका यांनी त्यांनी दहा वर्षे सभागृह हाताळले. पंडित नेहरूंनी तर म्हटले होते की राधाकृष्णन बैठक अशी चालवतात की ती कुटुंबाची बैठक वाटावी. त्यांच्या आसनाखाली सचिवाच्या जागी एस. एन. मुखर्जी बसत, राज्यघटनेच्या मसुद्याचे शब्द घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता तेच. घटना लिहिणारा हात आणि ती वापरणारा आवाज एका टेबलाच्या अंतरावर होते.

कुटुंब म्हटले की भांडणे आली, आणि पहिले मोठे भांडण शेजारच्या सभागृहाशी झाले. १९५३च्या एप्रिलअखेरीस प्राप्तिकर दुरुस्ती विधेयक राज्यसभेत आले. लोकसभेच्या अध्यक्षांनी, म्हणजे दादासाहेब मावळंकरांनी, ते धनविधेयक असल्याचा दाखला दिला होता. धनविधेयक म्हटले की राज्यसभेच्या हातात सूचना करण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून नव्या सभागृहातल्या सदस्यांनी त्या दाखल्याबद्दल प्रश्न विचारले. कायदामंत्री आणि सभागृहनेते चारुचंद्र बिस्वास यांनी उत्तर देताना जे शब्द वापरले ते लोकसभेला आपल्या अध्यक्षांचा अवमान वाटले. लोकसभेने बिस्वास यांनी तिथे येऊन खुलासा करावा अशी भूमिका घेतली. राज्यसभेने उलट ठराव केला की आपल्या नेत्याने कोणत्याही नात्याने लोकसभेत जाऊ नये. वर्षभराच्या दोन सभागृहांमध्ये उघड तेढ उभी राहिली. शेवटी ६ मे रोजी नेहरूंनी निवेदन केले. पैशाच्या काही बाबी सोडल्या तर दोन्ही सभागृहे सारख्या अधिकाराची आहेत, एकावाचून दुसऱ्याचे चालायचे नाही, असा त्याचा गाभा होता.

बडोद्यात जन्मलेले मराठी मावळंकर तिकडे आणि मद्रासकडचे राधाकृष्णन इकडे. दोघेही आपापल्या आसनाच्या मानासाठी काटेकोर. एका वर्षाने तसाच आणखी एक पेच आला. विशेष विवाह विधेयकावरून हिंदू महासभेचे नेते आणि लोकसभा सदस्य एन. सी. चॅटर्जी यांनी हैदराबादच्या भाषणात म्हटले की थोरांचे म्हणवणारे वरिष्ठ सभागृह पोरासोरांसारखे वागते आहे. राज्यसभेत हक्कभंगाचा प्रश्न उठला, चॅटर्जींना पत्र गेले, आणि लोकसभेने विचारले की आमच्या सदस्याला जाब विचारणारे तुम्ही कोण? दोन्ही सभागृहांच्या विशेषाधिकार समित्या एकत्र बसल्या आणि त्यातून आजही पाळली जाणारी पद्धत ठरली. एका सभागृहाच्या सदस्याने दुसऱ्याचा हक्कभंग केला, तर ज्याची तक्रार आहे त्या सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याने ते प्रकरण दुसऱ्या पीठासीन अधिकाऱ्याकडे सोपवायचे. प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसाचा हिशेब आपल्या घरात करायचा. या वादांकडे मानापमानाची कुरबुर म्हणून पाहू नये. नव्या घरात कोणती भिंत कुणाची हे त्यांतूनच ठरत गेले. १९५४मध्येच लोकलेखा समितीत राज्यसभेचे सात सदस्य बसू लागले, आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला सभापतींनी जाहीर केले की या सभागृहाला यापुढे ‘राज्यसभा’ म्हणतील.

लोकसभाध्यक्षांपेक्षा सभापतींच्या हातात काही गोष्टी कमी आहेत हे इथे सांगितले पाहिजे. धनविधेयकाचा दाखला अध्यक्ष देतात. दोन सभागृहांचे मतभेद मिटवायला संयुक्त बैठक भरते, तिचे आसनही त्यांच्याचकडे. अशा तीन बैठका झाल्या: १९६१मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२मध्ये दहशतवादविरोधी कायद्यासाठी. तिसरीच्या वेळी अध्यक्ष बालयोगी यांचे नुकतेच अपघाती निधन झाले होते. तरीही आसन उपाध्यक्ष पी. एम. सईद यांच्याकडे गेले, उपराष्ट्रपतींकडे गेले नाही. कारण तेच: सभापती कोणत्याच सभागृहाचे सदस्य नाहीत. गोंधळ घालणाऱ्या सदस्याचे नाव ते घेऊ शकतात, पण निलंबनाचा ठराव सभागृहाने करावा लागतो. जे अधिकार आहेत ते मात्र जड आहेत. पक्षांतरबंदीखाली सदस्याला अपात्र ठरवणे त्यांच्याकडे. डिसेंबर २०१७मध्ये शरद यादव आणि अली अन्वर यांचे सदस्यत्व असेच गेले. न्यायाधीशाला हटवण्याची सूचना दाखल करून घ्यायची की नाही, हेही त्यांनी ठरवायचे. २०११मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेने संमत केला; २०१८मध्ये तेव्हाच्या सरन्यायाधीशांविरुद्धची सूचना वेंकय्या नायडूंनी दाखल करून घेतली नाही.

आता घरातल्या माणसाकडे वळू. सभापती बाहेरचे, म्हणून घटनेने त्यांच्या शेजारी सभागृहातून निवडलेला उपसभापती ठेवला. साधारणपणे सकाळचा शून्य प्रहर आणि प्रश्नोत्तराचा तास सभापतींचा. दुपारची लांबलेली विधेयके, रिकामी होत जाणारी बाके, रात्रीपर्यंत खेचलेल्या चर्चा हे उपसभापती आणि तालिका सभापतींचे. सभागृहाचा खरा घाम त्यांच्या वाट्याला येतो. पहिले उपसभापती एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी जवळजवळ दहा वर्षे हे काम केले. आणि मग १९६२मध्ये आल्या व्हायोलेट आल्वा.

आल्वाबाईंबद्दल मला थोडे थांबून लिहायचे आहे. अहमदाबादेत जन्म, मुंबईच्या झेवियर्समध्ये आणि गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिक्षण, वकिली, मुंबई महापालिकेत काम, बालन्यायालयात काम. १९५२मध्ये त्या राज्यसभेत आणि पती जोआकिम आल्वा लोकसभेत. संसदेत एकाच वेळी बसलेले हे पहिले दांपत्य. गृहखात्याच्या उपमंत्री राहून त्या उपसभापती झाल्या आणि राज्यसभेच्या आसनावरून कामकाज चालवणारी पहिली स्त्री ठरल्या. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, म्हणजे राज्यसभेला सभापती उरला नाही. १९ जुलैला बँक राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही करून दुसऱ्या दिवशी गिरींनी दोन्ही जबाबदाऱ्या सोडल्या आणि ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. काँग्रेस फुटीच्या कड्यावर, देशाला राष्ट्रपतीही नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपतींचे काम पाहत आहेत, अशा त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वरिष्ठ सभागृहाची धुरा आल्वाबाईंवर होती. ऑगस्टअखेर गोपाळस्वरूप पाठक उपराष्ट्रपती म्हणून आले. उपराष्ट्रपतिपदासाठी आपला विचार झाला नाही याचे शल्य घेऊन आल्वांनी नोव्हेंबरमध्ये उपसभापतिपद सोडले आणि अवघ्या काही दिवसांत, २० नोव्हेंबरला, त्यांनी देहही ठेवला. सात वर्षे ज्यांनी हे सभागृह आपले म्हणून चालवले त्यांच्या वाट्याला हा शेवट यायला नको होता.

त्यांच्या जागी डिसेंबर १९६९मध्ये आले ते चंद्रपूरचे बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे, लोकांचे राजाभाऊ. ऑक्टोबर १९५६मध्ये नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चांद्याला आले, तिथल्या दीक्षा सोहळ्याच्या आयोजनात खोब्रागडे आघाडीवर होते. ज्या घटनेने हे आसन निर्माण केले तिच्या शिल्पकाराचा अनुयायी, रिपब्लिकन पक्षाचा कार्यकर्ता, १९७२च्या एप्रिलपर्यंत त्या आसनावर बसला. पुढे जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९८६ ते १९८८ उपसभापती होत्या. १९८७च्या जुलैत वेंकटरामन राष्ट्रपती झाल्यावर सप्टेंबरपर्यंत सभापतींचे कामही त्यांनी पाहिले. आणि नजमा हेपतुल्ला, महाराष्ट्रातून चार वेळा निवडून गेलेल्या, मधला खंड वगळता १९८५ ते २००४ असा या पदावरचा सर्वांत मोठा काळ त्यांच्या नावावर आहे.

सभापतींच्या यादीतही आपल्या मातीशी जुळलेले धागे आहेत. बसप्पा दानप्पा जत्ती जमखंडीचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आणि साइक्स लॉ कॉलेजात शिकलेले, जुन्या मुंबई राज्याच्या सरकारात काम केलेले. त्यांच्या काळात आणीबाणी आली. १० ऑगस्ट १९७६ रोजी सभागृहात दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली वाहिली जात होती. पकडवॉरंट असूनही सुब्रमण्यम स्वामी अचानक आत आले आणि या यादीत लोकशाहीचेही नाव घ्या अशा अर्थाचे बोलून निघून गेले. जत्तींनी सदस्यांना मौन पाळायला उभे केले. त्या दोन मिनिटांत आसनावरच्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हा विचार मला अनेकदा येतो. विरोधी नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि आपण कामकाजाचे नियम वाचतो आहोत. आसनाचा अधिकार भोवतालच्या स्वातंत्र्यावर किती अवलंबून असतो हे त्या वर्षांनी दाखवले. फेब्रुवारी १९७७मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले आणि जत्ती जुलैपर्यंत हंगामी राष्ट्रपती होते.

त्यांच्यानंतरचे महंमद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूरच्या उच्च न्यायालयात वकिली करून तिथेच १९५४मध्ये मुख्य न्यायमूर्ती झालेले. माजी सरन्यायाधीश १९७९मध्ये बिनविरोध उपराष्ट्रपती झाला. न्यायासनाची सवय त्यांनी या आसनावर आणली: ऐकून घ्यायचे, थोडक्यात निर्णय द्यायचा, आणि तो बदलायचा नाही.

शंकरदयाळ शर्मांनी हेच करून पाहिले तेव्हा त्यांना किंमत मोजावी लागली. महाराष्ट्राचे राज्यपालपद सोडून ते १९८७मध्ये आले. १९८८च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशच्या तेव्हाच्या राज्यपालांबद्दलची चर्चा त्यांनी होऊ दिली आणि सत्ताधारी बाकांवरून, मंत्र्यांसह, त्यांच्या निर्णयाला उघड विरोध झाला. हे काँग्रेसचेच सरकार आणि शर्मा आयुष्यभराचे काँग्रेसवाले. निर्णय मान्य नसेल तर मी पद सोडतो, असे त्यांनी भरल्या गळ्याने सांगितले. मग सदस्यांनी माफी मागितली. राधाकृष्णन यांना पक्ष नव्हता, म्हणून ‘सर्वांचा’ होणे त्यांना सोपे होते. ज्याची हयात एका पक्षात गेली त्याने त्याच पक्षासमोर ताठ उभे राहणे कितीतरी कठीण. पक्षातून आलेल्या सभापतीने काय करावे, याचे उत्तर मला त्या दिवसात सापडते.

समसमान मतांची वेळ या सभागृहावर जवळजवळ येतच नाही. लक्षात राहिलेला प्रसंग ५ ऑगस्ट १९९१चा. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्तीचा वटहुकूम नापसंत करण्याचा विरोधकांचा ठराव मताला आला आणि दोन्हीकडे ३९ मते पडली. आसनावर त्या वेळी तालिका सभापती एम. ए. बेबी होते. त्यांनी निर्णायक मत ठरावाच्या बाजूने टाकले आणि सरकार हरले.

१९९०च्या दशकात सभापतींचे काम दालनाबाहेरही पसरले. १९९३मध्ये खात्यांनुसार स्थायी समित्या आल्या. आज चोवीसपैकी आठ समित्या राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत आहेत. मार्च १९९७मध्ये के. आर. नारायणन यांनी सदस्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवायला नीतिमत्ता समिती नेमली. देशातल्या कुठल्याही विधिमंडळातली ही पहिली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. शिस्तीचा ‘हेडमास्तर’ म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्यांच्याकडेच हे काम जावे, यात निवड करणाऱ्याची पारख दिसते. ही समिती शोभेची राहिली नाही. २००५च्या डिसेंबरात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा भैरोंसिंह शेखावत सभापती असताना तिच्याच अहवालावरून एका सदस्याला सभागृहाने काढून टाकले.

कृष्णकांत यांच्या काळात तर हल्ला थेट दाराशी आला. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेच्या आवारात शिरलेल्या दहशतवाद्यांची पांढरी अँबेसिडर आदळली ती उपराष्ट्रपतींच्या ताफ्यातल्या गाडीवर. पुढच्या जुलैत कृष्णकांत पदावर असतानाच गेले. असे गेलेले ते एकमेव उपराष्ट्रपती.

हमीद अन्सारी २००७ ते २०१७ या आसनावर होते. राधाकृष्णन यांच्यानंतर दहा वर्षे पुरी करणारे ते एकटेच. ८ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक आले तेव्हा सदस्य आसनापर्यंत चढले, समोरचे कागद ओढून फाडले गेले. दुसऱ्या दिवशी सात जणांचे निलंबन झाले, काहींना मार्शलांनी उचलून बाहेर नेले, आणि विधेयक १८६ विरुद्ध एक अशा मतांनी संमत झाले. तो एक विरोधी मतदार म्हणजे आपले शरद जोशी. शेतकरी स्त्रियांसाठी लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवलेल्या या नेत्याला विधेयकातली मतदारसंघ फिरवण्याची पद्धत पटली नव्हती. एवढ्या गदारोळात एकट्याचे मत नोंदले गेले आणि मोजले गेले, हे मला त्या दिवसाच्या गोंधळापेक्षा मोलाचे वाटते. सकाळचा प्रश्नोत्तराचा तास रोज वाया जातो म्हणून अन्सारींच्याच काळात, २०१४च्या हिवाळी अधिवेशनापासून, तो दुपारी बारावर गेला.

वेंकय्या नायडू १९९८पासून याच सभागृहाच्या बाकांवर बसलेले. घरातला माणूस बाहेर जाऊन आसनावर परतला. कागद पटलावर ठेवताना मंत्री सवयीने इंग्रजी काळातली ‘विनवणी करतो’ अशा अर्थाची शब्दयोजना वापरत. स्वतंत्र देशात विनवणी कशाला, असे त्यांनी सांगितले. २०१८मध्ये डोगरी, काश्मिरी, कोंकणी, संथाळी आणि सिंधी या भाषांचे दुभाषे त्यांनी आणले आणि आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत बोलायची वाट मोकळी झाली. गोव्याच्या सदस्याला आता कोंकणीत बोलता येते आणि सभापतींना ते कानात ऐकू येते. राज्यांच्या सभागृहाला राज्यांच्या भाषा मिळायला सहासष्ट वर्षे लागली.

गेल्या काही वर्षांत वाद आसनापाशीच येऊन थांबू लागले. सप्टेंबर २०२०मध्ये शेतीविषयक विधेयकांवर मतविभागणी मागूनही ती झाली नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. उपसभापती हरिवंश यांच्याविरुद्ध सूचना आली, ती नाकारली गेली, आणि आठ सदस्य निलंबित झाले. १० डिसेंबर २०२४ रोजी सभापती जगदीप धनखड यांना हटवण्याची सूचना दाखल झाली. या सभागृहाच्या इतिहासात सभापतींविरुद्ध ही पहिलीच. घटनेने यासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना, राज्यसभेच्या एकूण तत्कालीन सदस्यांचे बहुमत आणि लोकसभेची संमती सांगितली आहे, आणि ठराव चालू असताना सभापतींनी आसनावर बसू नये असेही. सूचना १९ डिसेंबरला फेटाळली गेली. कोणाची बाजू बरोबर, हा निवाडा मी इथे करणार नाही. पण बहात्तर वर्षांत जे शस्त्र कुणी म्यानातून काढले नव्हते ते काढावेसे वाटले, यावरून आसन आणि बाके यांच्यातला विश्वास किती झिजला आहे ते कळते. तो परत भरून आणणे हे दोन्ही बाजूंचे काम आहे आणि ते तातडीचे आहे.

२१ जुलै २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, दिवसभराचे कामकाज संपल्यावर धनखड यांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. ९ सप्टेंबरला निवडणूक झाली. महाराष्ट्राच्या राज्यपालपदावरून उमेदवार झालेले सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले आणि १२ तारखेला त्यांचा शपथविधी झाला. अधिवेशनाचे उरलेले सगळे दिवस राज्यसभेला सभापती नव्हता. २२ जुलैला सकाळी अकरा वाजता सदस्य नेहमीप्रमाणे उभे राहिले, उपसभापती हरिवंश आत आले, दोन्ही बाजूंना नमस्कार करून आसनावर बसले, आणि दिवसाचे कामकाज सुरू झाले.